फट कोणाची?

गेल्या पावसाळ्यांत आम्ही रेवदंड्यास एका कोळी स्नेह्याकडे उतरलों होतों. जून-जुलैची मासेमारीबंदी असल्यानें होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या होत्या, आणि शेजारच्या पडवींत चार सिलिंडरांचें डिझेल इंजिन उघडून मिस्त्री नव्या रिंगा बसवीत होता.

त्याची रीत पाहण्यासारखी होती. रिंग एकदम पिस्टनवर न चढवितां तो ती आधीं रिकाम्या सिलिंडरांत सोडी, पिस्टनच्या माथ्यानें ढकलून सरळ करी, आणि तिच्या दोन टोंकांमधील फटींत पोलादी पातें घालून पाही. १०० मिलिमीटर व्यासास ही फट सुमारें ०.३ ते ०.४ मिलिमीटर लागते. कमी असली तर रिंग तापून वाढते, टोंकें भिडतात, आणि ती मोडून सिलिंडर ओरबाडते. फार झाली तर वायु खालीं निसटून इंजिनाचा जोर जातो. (फट मुळींच नसावी, असें आम्हां पुस्तकी माणसांस वाटलें असतें!)

एका सिलिंडरांत फट मर्यादेबाहेर भरली. दोष रिंगचा नव्हता. सिलिंडरच झिजला होता.

"नाखवा, लायनर बदलावा लागेल."

नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, कर्ज डोक्यावर. नाखवा म्हणाला, "मिस्त्री, एवढा हंगाम निघूं द्या. आंत कोण बघतंय?"

हा प्रश्न आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविला आहे! प्लेटोच्या ग्रंथांत गायजीसला अदृश्य करणारी आंगठी सांपडते. कोणी पाहत नसतां मनुष्य नीतीनें कां वागेल, असा तेथील पेंच आहे. पण पडवींतला पेंच आम्हांस अधिक अवघड वाटला. नाखवा लबाड नव्हता. इंजिन त्याचें, पैसा त्याचा; आणि बहुधा कांहीं झालेंही नसतें, इंजिन धूर ओकीत कसेंबसें चाललें असतें. मात्र नाखवा आतां स्वतः दर्यावर जात नाहीं, तांडेल व खलाशी जातात. 'बहुधा' म्हणण्याचा अधिकार आमच्या मतें होडींत बसणाराचा. किनाऱ्यावर राहणाराचा नव्हे.

जर्मनीच्या एन. एस. यू. कंपनीनें १९६७ सालीं वँकेलच्या फिरकी इंजिनाची 'रो ८०' मोटार विक्रीस आणली. त्रिकोणी फिरकीच्या टोंकांवरील पट्ट्या अकालीं झिजूं लागल्या. हमीपोटीं इंजिनें बदलून देतां देतां कंपनी जेरीस आली. तेथें निदान चूक करणाराच्या दारीं परत गेली. वादळांत सांपडलेल्या खलाशानें हमीपत्र कोणास दाखवावें?

मिस्त्रीनें वाद घातला नाहीं. त्यानें तांडेलास हांक मारली आणि पातें त्याच्या हातीं दिलें. तांडेलानें तें फटींत घातलें. मग त्याहून जाड घातलें. तेंही सहज गेलें. तो कांहींच बोलला नाहीं, नुसता नाखवाकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, भर पावसांत, नाखवा एस्टीनें अलिबागेस लायनर आणावयास गेला.