ताट उचलून नेणाऱ्यांना

पेत्र भित्रा होता, असं तुमच्यातल्या बहुतेकांनी उत्तरपत्रिकेत लिहून ठेवलंय. एकाने तर ‘ढोंगी’ हा शब्द दोनदा अधोरेखित केलाय. अंत्युखियात पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत खडसावलं, तो प्रसंग लिहिताना तुमचा हात सुटलाय, पुरवण्या जोडल्यात. पेत्राला नावं ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? त्याने काय सोडलं होतं हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून त्याचं पाऊल मागे का पडलं तेही कळलेलं नाही. आज पुढचा धडा नाही. वह्या मिटा आणि ऐका.

‘यहूदी लोक गर्विष्ठ असल्यामुळे परराष्ट्रीयांबरोबर जेवत नसत.’ हे वाक्य इतक्या पेपरांत आलंय, की एकमेकांचं बघून लिहिलंत हे उघड आहे. आणि ते खोटं आहे. मक्काबींची पुस्तकं आपल्या बायबलात नाहीत, तरी ती वाचून या असं मी बजावलं होतं. कुणी वाचली? इ.स.पूर्व १६७ च्या सुमारास अंत्युख एपिफानेस राजाने सुंता आणि शब्बाथ यांवर बंदी घातली. ज्या आयांनी बाळांची सुंता करवली त्यांना ठार मारलं आणि ती बाळं त्यांच्याच गळ्यात लटकवली. एलाजार नावाच्या नव्वदीतल्या शास्त्र्याच्या तोंडात डुकराचं मांस कोंबलं, ते त्याने थुंकून टाकलं. ओळखीचे लोक कानात म्हणाले, तुला चालणारं मांस घरून आण आणि राजाने दिलेलंच खातोयस असं दाखव, जीव वाचेल. म्हातारा नाही म्हणाला. या वयात मी असं नाटक केलं तर तरुण पोरं माझ्यामुळे वाट चुकतील, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला मरेपर्यंत फटके मारले.

खाण्यापिण्याचे ते नियम या लोकांनी रक्त देऊन राखले होते, आणि त्यांच्या मुळाशी देवाची आज्ञा होती. ज्या राजघराण्याने हा छळ केला त्याची राजधानी कोणती? अंत्युखिया. त्याच शहरात पुढे यहूदी आणि ग्रीक एका पंक्तीला बसले, आणि शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा तिथेच मिळालं. एवढी मोठी गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत.

आता पेत्राकडे या. यापोत तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता, समुद्राच्या कडेला. यहूदी शास्त्र्यांच्या नियमाप्रमाणे कातडी कमावण्याची जागा गावापासून पन्नास हात लांब ठेवायची असे, हे लक्षात घ्या. तिथे धाब्यावर त्याला दृष्टांत झाला, देवाने शुद्ध केलेलं तू अशुद्ध म्हणू नकोस, असा; एकदा नव्हे तीनदा. मग तो कैसरियाला कर्नेल्याच्या घरी गेला. कर्नेल्य भला, देवभीरू माणूस होता, पण होता रोमी शताधिपती, देशावर राज्य करणाऱ्या फौजेतला. पेत्र त्याच्या घरात शिरला, तिथे जमलेल्यांना बाप्तिस्मा द्यायला लावला आणि आग्रहावरून काही दिवस तिथेच राहिला. यरुशलेमेत परतल्यावर त्याला जाब विचारला गेला तो बाप्तिस्म्याचा नव्हे. सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन तू जेवलास, असा आरोप होता. लोकांना टोचलं ते ताट.

असा माणूस अंत्युखियात कचरला. याकोबाकडून काही मंडळी आली आणि तोवर परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा पेत्र हळूहळू बाजूला होऊ लागला. त्याच्यामागून बाकीचे यहूदी बांधव गेले, आणि शेवटी बर्णबाही गेला. पौलाला तार्सातून शोधून आणणारा, वर्षभर त्याच मंडळीला शिकवणारा बर्णबा! यात कुणाचा सिद्धांत बदलला होता का? परराष्ट्रीयांचं तारण होत नाही असं पेत्र म्हणाला का? एक शब्दही नाही. फक्त बसायची जागा बदलली. पौलाने तेवढ्यावरून ठरवलं, की हे सुवार्तेच्या सत्याला धरून चाललेलं नाही, आणि तोंडावर सांगितलं. त्या काळी प्रभुभोजन जेवणाबरोबरच होत असे. जेवणाची पंगत फुटली की प्रभूचं मेजही फुटलं. पौल चिडला तो यासाठी.

आणि गेल्या रविवारी तुम्ही काय केलंत? प्रीतिभोजनाला नव्याने बाप्तिस्मा घेतलेलं कुटुंब आलं होतं. आई, वडील, दोन मुलं. तुमच्यापैकी चौघं त्यांच्या शेजारी बसली होती. शहरातून पाहुणे आले, पाळकांनी त्यांना पुढे बसवलं, आणि तुम्ही वाढलेली ताटं उचलून तिकडे गेलात. त्याआधी त्या थोरल्या मुलाला आडनाव विचारलंत, ते कळल्यावर ‘मूळचे कुठले?’ असंही विचारलंत. मी भाजीचं पातेलं धरून मागे उभा होतो, सगळं ऐकलं. तुम्ही उठल्यावर त्या बाईंनी आपल्या धाकट्याला जवळ ओढून घेतलं आणि त्याच्या पानातलं पटपट संपवायला सांगितलं. तुम्ही मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

पेत्रामागे मोशेचं नियमशास्त्र होतं, मक्काबींच्या काळातल्या हुतात्म्यांचं रक्त होतं. तुमच्यामागे काय आहे? पणजोबांनी बाप्तिस्म्याच्या दिवशी जी जात टाकून दिली, ती तुम्ही उकिरड्यावरून उचलून घरात आणलीत. ‘सर, तसं काही मनात नव्हतं’ हे मला सांगू नका. पेत्राच्याही मनात नव्हतं. लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा. त्यांच्या यजमानांचा, टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ सालचा. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या तरी सोवळंओवळं पाळत राहिल्या, आणि ते सुटलं तेव्हा मनापासून सुटलं. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपला तो हट्ट झाकून ठेवला नाही. ती बाई जन्माने मिळालेलं सोडत होती. तुम्ही जन्माने न मिळालेलं धरून बसलायत.

आणखी एक. कुणी लिहिलंय त्याचं नाव घेत नाही, पण त्याला समजेल. ‘यहूद्यांनी ख्रिस्ताला नाकारलं म्हणून देवाने त्यांना टाकून दिलं.’ हे वाक्य माझ्या वर्गात चालणार नाही. देवाने आपल्या लोकांना टाकलं का, हा प्रश्न पौलाने रोमकरांच्या पत्रात अकराव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत घेतलाय आणि ठाम नकार दिलाय. रानटी जैतुनाची फांदी कलम करून लावली, तर तिने मुळापुढे ताठा मिरवायचा नाही, हे त्याने परराष्ट्रीय ख्रिस्त्यांना बजावलंय. म्हणजे तुम्हाला आणि मला. हे विसरल्यावर काय होतं ते त्याच अंत्युखियात दिसलं. ३८६-८७ साली योहान क्रिसोस्तोम तिथे प्रवचनं देत होता. त्याच्या मंडळीतले लोक सणाला सभास्थानात जात, म्हणून त्याने यहूद्यांवर जी आग ओकली, तिचा वापर द्वेष करणाऱ्यांनी पुढे शतकानुशतकं केला. एवढा मोठा उपदेशक, आणि पौलाने पाडलेली भिंत त्याने उलट्या बाजूने बांधून काढली. १५४३ साली ल्यूथरनेही तेच विष लिहिलं, आणि तो आपला म्हणून मी त्याला पाठीशी घालणार नाही. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सगळ्या यहूद्यांच्या माथी मारता येणार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं ते थेट १९६५ साली. कोकणातले यहूदी, म्हणजे बेने इस्राएल मंडळी, पिढ्यानपिढ्या शनिवार पाळत आली, तेलाचे घाणे बंद ठेवून. अलिबागच्या सभास्थानात त्यांच्यासमोर उभं राहून तुझं ते वाक्य वाचून दाखवशील का? दाखवणार नसशील, तर ते लिहायचंही नाही.

तुमच्यातल्या काहींना जूनपासून शब्बाथशाळेचे वर्ग घ्यायचे आहेत. ताट उचलणाऱ्या चौघांनी या आठवड्यात त्या घरी जायचं. एकेकट्याने, घोळका करून नाही. आधी त्या मुलाची माफी मागायची, मग आईवडिलांची. प्रार्थना करायला आलोय असं सांगून विषय टाळायचा नाही. बसायला सांगितलं तर बसायचं, आणि जेवा म्हणाले तर जे वाढतील ते पोटभर खायचं. जो जाणार नाही त्याच्या हाती मी एकही लहान मूल देणार नाही, हे पाळकांना मी सकाळीच सांगून आलोय.