हव्वेच्या वाट्याचं दुखणं

गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, धर्माबादला आली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या महिन्यात घरूनच काम करत होतो. एका रात्री जेवताना तिनं विचारलं, "दादा, एपिड्युरल घेऊ का?" यात पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घालून औषध देतात. कळा बोथट होतात आणि बाई शुद्धीवर राहते. डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं की त्यासाठी भूलतज्ज्ञ हजर लागतो, म्हणजे नांदेड गाठावं लागेल.

मी काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "माय, ते देवानंच हव्वेला सांगितलंय. सोसावं लागतं. आम्ही नाही का सोसलं?"

आमचं घर ख्रिस्ती. संध्याकाळची प्रार्थना चुकत नाही आणि आजीच्या तोंडून वचन आलं की विषय संपतो. बहीण गप्प झाली. मला राग आला, पण उत्तर नव्हतं. मग मी तो उताराच नीट वाचायला घेतला.

उत्पत्तीचा तिसरा अध्याय. मनाई केलेलं फळ खाल्ल्यावर देव तिघांशी बोलतो. 'शापित' हा शब्द तिथे दोनदाच येतो: एकदा सर्पासाठी, एकदा जमिनीसाठी. बाईला शाप दिला असं तिथे लिहिलेलंच नाही. तिला मुलं होताना कष्ट होतील, असं म्हटलंय. पुढच्याच वचनांमध्ये पुरुषाला सांगितलंय की जमीन काटेकुसळं देईल आणि घाम गाळून भाकरी खावी लागेल.

मूळ हिब्रूत दोघांच्या वाट्याला आलेल्या कष्टांसाठी शब्द एकच आहे, 'इत्साबोन'. भाषांतरांत तो बाईसाठी बहुतेकदा 'वेदना' होतो आणि पुरुषासाठी 'कष्ट'. हा शब्द हिब्रू शास्त्रात फक्त तीनदा येतो. तिसरी जागा पाचव्या अध्यायात, नोहाच्या जन्माच्या वेळी. बाप लेकराचं नाव ठेवताना आशा धरतो की हा आपल्याला त्या कष्टांतून दिलासा देईल. म्हणजे त्याच पुस्तकात त्याच कष्टांतून सुटका मागणारा माणूस आहे, आणि त्याला कुणी अधर्मी म्हणत नाही.

आता माझ्याकडे बघा. मी एसीत बसून भाकरी कमावतो. घाम येतो तो लाइट गेल्यावर. आमच्याकडचे शेतकरी ट्रॅक्टर लावतात, तणनाशक फवारतात. 'काटे उपटू नका, देवाची आज्ञा मोडते' असं मी कुठल्याही उपासनेत ऐकलेलं नाही. पुरुषाच्या वाट्याचे कष्ट आपण यंत्रांनी हलके केले आणि त्याला प्रगती म्हटलं. बाईच्या वाट्याचं औषधानं हलकं करायची वेळ आली, की तेवढं एक वचन आठवतं.

हा युक्तिवाद माझा नाही. एडिंबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी 1847 मध्ये बाळंतपणात आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं. धार्मिक आक्षेपांना उत्तर म्हणून त्याच वर्षी त्यांनी एक पुस्तिका लिहिली. काट्यांचा मुद्दा तिच्यात आहे. शिवाय ते म्हणाले, आदामाची फासळी काढण्याआधी देवानं त्याला गाढ झोप दिली होती. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियानं आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतलं. ती तर इंग्लंडच्या चर्चची प्रमुख होती.

हे सगळं आमच्यापासून फार लांबचं नाही. नांदेड 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्याच हैदराबादमध्ये 1888 आणि 1889 मध्ये क्लोरोफॉर्म किती सुरक्षित आहे हे तपासायला निजामाच्या खर्चानं दोन आयोग बसले. तिथेच शिकलेल्या रूपाबाई फुरदुनजी या जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांपैकी एक. माझी पणजी त्याच संस्थानात बाळंत झाली. तिच्याजवळ कंदील होता आणि सुईण होती.

एक गोष्ट मात्र खरी. आजीला मी हे हिब्रू ऐकवलं तेव्हा ती वाद घालायची थांबली, पण तिचा चेहरा उतरला. तिची सहा बाळंतपणं झाली, दोन लेकरं गेली. पहिल्या खेपेला सासूनं तोंडात पदर कोंबायला सांगितलं होतं, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. तेव्हा तिच्याजवळ त्या वचनाशिवाय काही नव्हतं. हे दुखणं देवाला माहीत आहे, या विश्वासावर ती तगली. आणि मी शिकलेला नातू तिला सांगत होतो की ते वचन तसं नव्हतंच. म्हणजे तिनं सोसलं ते फुकट?

फुकट नव्हतं. इलाज नसताना ज्या वचनानं तिला धीर दिला, ते तिचं आहे. पण इलाज असताना तेच वचन दुसरीच्या अंगावर टाकता येत नाही. स्वतः येशूनं वधस्तंभावर देण्याआधी पुढे केलेला गंधरसाचा द्राक्षारस घेतला नाही. पण बारा वर्षं रक्तस्राव सोसणारी बाई गर्दीतून त्याच्यापर्यंत आली, तेव्हा त्यानं तिला 'अजून सोस' म्हटलं नाही. मुलगी म्हणून हाक मारली आणि बरी करून पाठवलं. स्वतःचं दुखणं पत्करणं आणि दुसऱ्याला दुखू देणं यांतला फरक मला तिथे दिसतो.

एपिड्युरल म्हणजे जादू नाही. रक्तदाब उतरू शकतो, कळा देण्याचा वेळ लांबू शकतो, पैसे लागतात. काही बायकांना ते नको असतं, तेही बरोबरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत 'मागणाऱ्या बाईला' हाच मुद्दा आहे. म्हणजे ठरवायचं तिनं. आजीनं नाही, आणि हिब्रू शोधून आणणाऱ्या भावानंही नाही.

बहिणीनं ठरवलं. आम्ही नांदेडला गेलो, आजी हट्टानं सोबत आली. मधल्या काळात ती बाहेर बाकड्यावर डोळे मिटून बसली होती. मुलगी झाल्यावर मी विचारलं, "आजी, काय मागत होतीस एवढा वेळ?"

ती म्हणाली, "काय मागणार? म्हटलं, माझ्या लेकराला कमी दुखू दे."