क्रू मे एंटर

देवगडजवळच्या खाडीकाठच्या गावातला एक मुलगा बोटीवर थर्ड मेट झाला. इंग्रजी त्याचं फर्डं होतं. काळ, क्रियापदं यांची फारशी फिकीर न करता तो धडाधड बोलायचा आणि समोरच्याला ते कळायचंही. बोललेलं कळलं म्हणजे झालं, असं त्याचं मत होतं. घरोघरी आपण मुलांना हेच सांगतो, आणि बाजारात, प्रवासात ते खरंही आहे.

बोट कोळसा वाहणारी. कॅप्टन पोलंडचा, चीफ मेट फिलिपाइन्सचा आणि सारंग रत्नागिरीकडचा, उभा जन्म दर्यावर काढलेला. इतक्या मुलखांची माणसं एकमेकांशी इंग्रजीतच बोलतात, पण ती कोणाचीच घरची भाषा नसते. अर्धं राहिलेलं वाक्य मग जो तो आपल्या अदमासाने पुरं करून घेतो.

तीन नंबरची बॅलास्ट टाकी आतून पाहायची होती. अशी टाकी बरेच दिवस बंद राहिली की आतला गंज हवेतला ऑक्सिजन खातो. त्याचा वास येत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून आधी झाकण उघडून ब्लोअरने ताजी हवा सोडायची, मग मीटरने तोंडाशी, मध्ये आणि तळाशी ऑक्सिजन मोजायचा, आणि परवान्यावर सही झाल्यावरच माणूस उतरवायचा. संध्याकाळी ब्लोअर सुरू झाला. मोजणी सकाळी करायची ठरली. रात्री वॉच संपताना थर्ड मेटने चीफ मेटसाठी वहीत नोंद केली : ‘टँक थ्री व्हेंटिलेटेड. चेक्ड इन मॉर्निंग. क्रू मे एंटर.’

त्याच्या मनात होतं ते असं : हवा सोडणं चालू आहे, तपासणी सकाळी होईल, त्यानंतर कदाचित माणसं उतरतील. लिहिताना ‘बीइंग’ गळलं, ‘विल बी’ही गळलं. ‘मे’ त्याने शक्यता म्हणून घातलं. मराठीत ‘उतरू शकतात’ म्हटलं की जमणं, संभव आणि मुभा तिन्ही त्यात येतात, तीच सवय हाताला होती. सकाळी चीफ मेटने वाचलं ते वेगळंच : हवा सोडून झाली, सकाळची तपासणी उरकली, उतरायला परवानगी आहे. त्याने परवान्यावर सही केली.

आठ वाजता दोन खलाशी पट्टे चढवून झाकणापाशी आले. सारंगाने हात आडवा घातला आणि वॉकीटॉकीवर थर्ड मेटला विचारलं, ‘साहेब, मीटर खाली कोणी सोडलान?’

‘अजून नाही मामा. आता सोडायचाय.’

‘मग वहीत चेक्ड कशाला लिवलंत?’

सारंगाचं इंग्रजी मोडकंतोडकं. पण ‘डन’ आणि ‘नॉट डन’ यांत त्याने आयुष्यात कधी गल्लत केली नव्हती.

मीटरची नळी आत सोडली. तोंडाशी आकडा 20.9 टक्के, बाहेरच्या हवेइतकाच. मध्ये तो 19 वर आला. तळाच्या एका कोपऱ्यात ब्लोअरची हवा पोचलीच नव्हती. तिथे 14 दिसले आणि मीटर किंचाळू लागला. आकडा आणखी घसरून 10 च्या आसपास गेला की माणूस बेशुद्ध पडतो, आणि आपल्याला काही होतंय हे त्याला उमगतही नाही.

कॅप्टनने आवाज चढवला नाही. थर्ड मेटला समोर बसवून त्याने 27 मार्च 1977 चा तेनेरिफच्या विमानतळावरचा अपघात सांगितला. धावपट्टीवर धुकं होतं. केएलएम या डच कंपनीच्या विमानातून टॉवरला निरोप गेला, ‘वुई आर नाऊ ॲट टेकऑफ.’ विमान उड्डाणाच्या जागी थांबलंय, असा अर्थ टॉवरने घेतला. विमान तर धावू लागलं होतं, आणि त्याच धावपट्टीवर पुढे पॅन ॲमचं विमान होतं. 583 माणसं गेली. अपघाताला कारणं अनेक होती. डच भाषेतल्या चालू काळाची घडण त्या इंग्रजी वाक्यात उतरली असावी, असंही पुढे अभ्यासकांनी मांडलं. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देता-घेताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक पडला.

मग कॅप्टनने आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं 2001 मध्ये मंजूर झालेलं प्रमाण वाक्यांचं पुस्तक उघडलं. ‘यू मे एंटर फेअरवे’ म्हणू नका, ‘यू हॅव परमिशन टू एंटर फेअरवे’ म्हणा. ‘आय माइट’ नको. आधी ‘इंटेन्शन’ म्हणा, मग ‘आय विल’. ‘यू कुड बी रनिंग इन्टू डेंजर’ नको. ‘वॉर्निंग’ म्हणा आणि थेट ‘यू आर रनिंग इन्टू डेंजर’ सांगा. ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ ही चारही रूपं व्याकरणात निर्दोष आहेत, जेवणाच्या टेबलावर शोभूनही दिसतात. पण परवानगी की शक्यता, सल्ला की हुकूम, हे ती ऐकणाऱ्यावर सोडतात, म्हणून दर्यावर ती टाळायची. मुलाने हे पुस्तक परीक्षेसाठी पाठ केलं होतं. कशासाठी लिहिलंय, ते त्याला आज कळलं.

चीफ मेटलाही कॅप्टनने बोलावलं. वहीतल्या ओळीवर विसंबून सही करणं हा त्याचा दोष होता, आणि तो त्याने कबूल केला.

ब्लोअरची नळी तळापर्यंत नेली. त्या रात्रीची नोंद अशी होती : ‘टँक थ्री इज बीइंग व्हेंटिलेटेड. इट हॅज नॉट बीन टेस्टेड. डू नॉट एंटर.’ दुसऱ्या दिवशी तिन्ही जागी 20.9 भरले, नवा परवाना निघाला, आणि सारंगाच्या देखरेखीखाली तेच दोघे खलाशी उतरून काम करून आले.

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. काळ आणि ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ शिकवताना या दोन रात्रींच्या दोन नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना विचारा, कुठली वाचून कोण टाकीत उतरेल, आणि का.