दान कोणाचे?

आपल्या भाषेत 'दान' या एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या गोष्टी ओळखल्या जातात. फाशांवर पडते तेही दान आणि दारी आलेल्याच्या पदरात पडते तेही दानच. पहिल्यात हात आपला असला तरी इच्छा आपली नसते. दुसऱ्यात इच्छा असेल तरच हात पुढे होतो. या दोहोंची एकदम आठवण व्हावी असा एक अगदी घरगुती प्रसंग नुकताच माझ्यावर आला, व त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो अजून सुटलेला नाही. म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझी पुतणी घरी आली असता तिने पटावरचा एक खेळ रचावयास घेतला. सारीपाटासारखा केवळ सोंगट्या पुढे सरकविण्याचा हा खेळ नव्हे. यात एक कथा असते, आणि खेळणाऱ्याच्या निवडीप्रमाणे ती वळणे घेते. विषय तिने 1972 चा दुष्काळ हा घेतला. प्रत्येक खेळणारा म्हणजे एक शेतकरी कुटुंब. पटावर एका ज्येष्ठापासून दुसऱ्या ज्येष्ठापर्यंतचे महिने आखलेले. फाशांचे दान पडेल त्या घरावरची चिठ्ठी उचलावयाची. तिच्या दर्शनी बाजूस प्रसंग व दोन-तीन मार्ग, आणि पाठीमागे त्या त्या मार्गाचा परिणाम. बैल विकावे की चाऱ्यासाठी कर्ज काढावे? पोराची शाळा सोडवून त्याला खडी फोडावयास न्यावे काय? धान्य, जनावरे, अंगातले बळ आणि गावातली पत एवढेच काय ते खेळणाऱ्याचे भांडवल.

अशा दोनशे चिठ्ठ्या लिहावयाच्या म्हणजे लहानसा ग्रंथच झाला. पुतणीने ते काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपविले. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून या यंत्राचा संचार घरोघरी झाला आहे, तेव्हा त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर पचवून, अमुक शब्दांपुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे हे ते ठरविते. शिवाय कोणती उत्तरे माणसांना आवडतात याचेही शिक्षण त्यास दिलेले असते. ही दुसरी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

यंत्राची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. पहिल्या खेपेस त्याने आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावी भर वैशाखात दुथडी वाहणारी नदी आणली, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. परंतु पाझर तलावांची कामे, सरकारी कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो, त्या कामांवर एका वेळी लोटलेले सुमारे 50 लक्ष लोक, ही माहिती पुरविल्यावर त्याने ज्या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांतल्या कित्येक मला स्वतःला लिहिता आल्या नसत्या. दोष निराळाच होता, व तो पन्नासेक चिठ्ठ्या वाचून झाल्यावर ध्यानात आला. त्या गावात प्रत्येक उपकाराची फेड होत होती. वाटसरूस पाणी पाजले की तो पुढे मुकादम निघे. शेजाऱ्याशी खोटे बोलले की रात्री बैल आजारी पडे. सज्जनपणा हा या खेळात सर्वांत किफायतीचा धंदा होता.

कांटच्या 1785 सालच्या नीतिविषयक ग्रंथात एक दुकानदार येतो. अजाण मुलासही तो वाजवी भाव लावतो. पण गिऱ्हाईक टिकावे म्हणून. त्याच्या वागण्यात खोट नाही, परंतु त्यास नैतिक मोल द्यावयास कांट तयार नाही. आमच्या पटावरचा हरएक शेतकरी या दुकानदाराचा भाऊबंद झाला होता. दोन डाव खेळलेल्या मुलासही कळून चुकावे की दिले म्हणजे मिळते. आणि एकदा ते कळले म्हणजे देण्यात देण्यासारखे काय उरले?

येथे कोणी मोक्षपटाचा दाखला देईल. परंपरा तो खेळ ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. त्यातही सद्गुणाची शिडी व दुर्गुणाचा साप आहेच, मग यंत्राने निराळे काय केले? भेद मोठा आहे. मोक्षपटात खेळणारा काहीच निवडीत नाही. कवड्या त्यास सापाच्या तोंडी नेतात, आणि न केलेल्या पापासाठी तो खाली घसरतो. पूर्वकर्मावर विश्वास असलेल्या समाजास त्यात अन्याय वाटला नसेल. निवड खेळणाऱ्यास दिली आणि फळ मात्र शिडीसारखे हटकून ठेवले, म्हणजे दोन्हींतले उणे तेवढे एकत्र येते.

खेळाची नीती प्रस्तावनेत नसते, ती नियमांत असते. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईने जमीनदारीतील अन्याय लोकांच्या नजरेस आणावा म्हणून रचलेल्या खेळाचे पेटंट 1904 साली घेतले. त्याचाच एक अवतार 1935 पासून मोनोपॉली या नावाने खपू लागला, आणि दुसऱ्यास कंगाल करण्याचा आनंद मुले आजवर त्यातून घेत आहेत. उलट ब्रेंडा रोमेरो यांचा 2009 मधील 'ट्रेन' हा खेळ पाहा. खेळणारे पिवळ्या सोंगट्या आगगाडीच्या डब्यांत कोंबून मुक्कामास पोचविण्याची शर्यत करतात, आणि अखेरीस मुक्कामाचे नाव उघड होते : ऑशविट्झ. नियमांप्रमाणे जिंकलेल्या माणसास आपल्या जिंकण्याचे करावे काय, हे कळेनासे होते. तेथे पाठीमागे गुण मांडलेले नाहीत; ज्याचा त्याने हिशेब करावयाचा. ते वाचल्यापासून आमच्या चिठ्ठ्यांची पाठ मला अधिकच खुपू लागली.

आणि आता ज्या चिठ्ठीसाठी हे लिहावयास बसलो तिच्याविषयी. तिचा प्रसंग मीच पुरविला होता. मार्गशीर्ष महिना, कणगीत अजून थोडी ज्वारी आहे, शेजारची बाई दोन पायल्या मागावयास आली आहे, तिचा नवरा दूरच्या कामावर. काय कराल? हा प्रसंग कल्पित नव्हे. ते दार आमचे होते, आणि "नाही" म्हणणारे माझे आजोबा होते. माझ्या वडिलांनी हे मला त्यांच्या अखेरच्या आजारात सांगितले. ते कुटुंब महिन्याभरात गाव सोडून गेले व परत आले नाही. त्यांच्या घराची पडकी जागा आजही आमच्या भिंतीस लागून आहे. मी त्या वर्षी दोन वर्षांचा होतो. त्या ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा दुधाऐवजी पाण्यात कालवून मला भरवीत, असेही वडील म्हणाले.

यंत्राने पाठीमागे लिहिले : नकार दिल्यास गावातली पत दोनने उतरली, कणगीस कीड लागली, दिल्यास चैत्रात ती बाई पोते घेऊन परत आली. वाचून मला राग आला. आजोबांच्या कणगीस कीड लागली नाही. गावाने त्यांना मान दिला, पुढे पंच केले, आणि ते पिकल्या वयात आपल्या अंथरुणावर गेले. मी यंत्रास तसे कळविले. त्याने तत्काळ क्षमा मागितली आणि नकार देणाऱ्याची बाजू इतक्या समजूतदारपणे मांडली की मला बरे वाटले. बरे वाटले म्हणूनच शंका आली, व मी उलट लिहिले की आजोबांचे कृत्य अक्षम्य होते. तेही त्यास तितक्याच लवकर पटले.

यंत्रास विवेक नाही म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दोन्ही पक्षांची वकिली करणारी माणसे मी आयुष्यभर पाहत आलो आहे, आणि वर्गात ती मीही केली आहे. मला बोचले ते दुसरे. हा प्रसंग मी स्वतः का लिहिला नाही? इतर पन्नास चिठ्ठ्यांवर दुरुस्त्या करणाऱ्या माझ्या लेखणीने हीच तेवढी यंत्रापुढे का सारली? विचार करता उत्तर मिळाले, ते सुखाचे नव्हते. आजोबांविषयीचा निकाल मला हवा होता, परंतु तो देणारा मी नको होतो. दोषी ठरले असते तर यंत्राने ठरविले, सुटले असते तर यंत्राने सोडले.

मी पुतणीस म्हणालो, "ही चिठ्ठी काढून टाकू. यंत्राने लिहिलेल्या निकालाला धनी कोण?"

ती म्हणाली, "काका, चिठ्ठी पटावर ठेवायची की नाही हे तुम्हीच ठरवताय ना? मग धनी तुम्हीच. त्यानं दहा लिहिल्या असतील, ठेवली कुणी?"

नीतिशास्त्र तीस वर्षे शिकविणाऱ्यास यावर उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही. फाशांचे दान आपले नाही हे खरे; पण फासे कोणत्या पटावर टाकावयाचे हे तर आपलेच असते. त्या रात्री चिठ्ठीची पाठ मी खोडली. नवे काय लिहावे ते मात्र ठरेना. दिल्यास दोन पायल्या कमी, न दिल्यास तेवढ्याच शिल्लक, इतकेच लिहिले आणि थांबलो. हेही टाळणेच झाले काय, हे मला नक्की सांगता येत नाही.

पुढल्या आठवड्यात आत्या राहावयास आल्या. दुष्काळाच्या वर्षी त्या बारा वर्षांच्या होत्या. पुतणीने हौसेने त्यांना खेळावयास बसविले. ती चिठ्ठी गड्डीत आहे हे मला ठाऊक होते, आणि ती वर येऊ नये असे वाटत होते. ती आली, व नेमकी आत्यांच्याच हाती आली. त्यांनी चष्मा सारखा करून ती दोनदा वाचली. आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही.

"हे असं नव्हतं रे," आत्या म्हणाल्या. "ती काही मागायला लागली नव्हती. नुसती उभी होती, पदराचं टोक हातात धरून. मागितलं बाबांनीच नाही होऊ दिलं. ती बोलायच्या आत नाही म्हणाले."

मग त्यांनी "नकार" या घरावर आपली सोंगटी ठेवली, धान्याची खूण आहे तशी राखली, आणि फासे पुतणीच्या हाती दिले. डाव पुढे चालला. फाल्गुनात आत्यांनी बैल विकले, तेव्हा मात्र त्या बराच वेळ हळहळत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठीची दर्शनी बाजू बदलली. 'मागावयास आली आहे' हे शब्द काढून 'दारात उभी आहे' असे माझ्या हाताने लिहिले. पाठ अजून तशीच आहे.