जिभेला व्रत, कानाला सूट

सेवाग्राम आश्रमातली कडुलिंबाच्या पाल्याची चटणी तिथं जेवून गेलेल्या पाहुण्यांच्या चांगली लक्षात राहायची. अन्न औषधासारखं घ्यावं, जिभेचे चोचले पुरवू नयेत, असं गांधीजींचं अस्वादव्रत सांगतं. अहिंसा, सत्य, अस्तेय यांच्या जोडीला त्यांनी हे व्रत बसवलं आणि एकादश व्रतांची ही यादी आश्रमाच्या प्रार्थनेत म्हटली जाऊ लागली. गंमत अशी, की ज्या प्रार्थनेत चवीवर पाणी सोडल्याचा उच्चार व्हायचा, तीच प्रार्थना सुरात व्हावी म्हणून गांधीजी आयुष्यभर धडपडले.

वर्ध्यात जुन्या गाण्यांचा नाद असलेल्या माणसाला हा पेच कधी ना कधी गाठतोच. सेवाग्रामच्या उघड्या प्रार्थनाभूमीवर संध्याकाळी बसून भजन ऐकणारा रसिक घरी परतताना लताबाईंचं गाणं गुणगुणतो. अंगावर काटा दोन्ही वेळा येतो, आणि एकसारखाच येतो. मग त्यातला पहिला भक्तीचा आणि दुसरा करमणुकीचा, हे ठरवायचं कुणी? आणि दोन्ही एकाच जातीचे असतील, तर जिभेला व्रत आणि कानाला सूट हा न्याय कुठला?

गांधीजींना संगीतातलं काही कळत नव्हतं म्हणून त्यांनी ही सूट दिली, असं म्हणायची सोय नाही. पोरवयात श्रावणबाळाच्या नाटकानं त्यांना इतकं झपाटलं, की आईवडिलांच्या विलापाची चाल ते वडिलांनी घेऊन दिलेल्या कॉन्सर्टिनावर वाजवायला शिकले. लंडनमध्ये ‘सभ्य गृहस्थ’ होण्याच्या खटाटोपात त्यांनी तीन पौंडांचं व्हायोलिन विकत घेतलं आणि शिकवणीही लावली. तो नाद लवकरच सुटला, ऐकण्याची ओढ मात्र सुटली नाही. १९२४ च्या सुरुवातीला पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर ते पडून असताना गायक दिलीपकुमार राय त्यांना भेटायला आले आणि त्यांनी मीरेचं भजन ऐकवलं. संगीत वगळून भारताच्या धर्मजीवनाची वाढ आपल्याला कल्पनेतही आणता येत नाही, अशा आशयाचं गांधीजी तेव्हा बोलले. त्याच बोलण्यात त्यांनी वैराग्याला सर्वांत मोठी कला ठरवलं होतं.

हे दोन्ही आग्रह एका माणसात नांदू शकले, यात एका मराठी गवयाचा मोठा वाटा आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे १९१८ मध्ये साबरमतीला आले आणि आश्रमाचेच होऊन गेले. त्यांनी जमवलेल्या ‘आश्रम भजनावली’त पदाच्या माथ्यावर राग आणि ताल छापलेला असतो. १९३० च्या दांडीयात्रेतही खरे होते. निव्वळ अर्थाशीच मतलब असता, तर रागतालाचा हा खटाटोप कशाला केला असता? शब्द डोक्यात शिरण्याआधी सूर आत पोचतो, हे आश्रमाला पक्कं ठाऊक होतं.

ऐकणाऱ्याच्या या दुबळेपणाची विदर्भात एक आठवण सांगतात. १९३६ मध्ये, गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले त्याच वर्षी, त्यांनी तुकडोजी महाराजांना बोलावून घेतलं. तेव्हा सत्ताविशीतले असलेले महाराज महिनाभर तिथं राहिले. खंजिरी घेऊन त्यांनी भजन सुरू केलं तो गांधीजींचा मौनवार होता, आणि भजन संपल्यावर आणखी एक ऐकायला मिळावं म्हणून गांधीजींनी मौन मोडलं, असं जुनी मंडळी सांगतात. आठवण अक्षरशः घडली असो वा भक्तांच्या तोंडी घोळून तिला हे रूप आलेलं असो, सांगणाऱ्यांना तिच्यात व्रतभंग दिसत नाही, उलट कौतुक वाटतं. गोड लागलं म्हणून लाडवाला हात घातल्याची गोष्ट कुणी इतक्या प्रेमानं सांगितली नसती.

धर्मपरंपरांना ही अडचण नवी नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात लिहिलं, की चर्चमधली गाणी ऐकताना कधीकधी अर्थापेक्षा आवाजच मनाला जास्त हलवतो, आणि तसं झालं की ते आपल्याकडून पाप घडलं असं समजतात. अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेशियस स्तोत्रं जवळजवळ बोलल्यासारखी म्हणायला लावत, तेच बरं, असंही त्यांना वाटून जातं. शेवटी ऑगस्टीन गाणं ठेवण्याच्या बाजूनं झुकतात, पण खटका तसाच राहतो.

बौद्ध उपासक उपोसथाच्या दिवशी आठ शीलं पाळतात, त्यात नाचगाणं आणि वादन यांपासून दूर राहणंही येतं. तरीही विदर्भात भीमजयंतीला रात्रभर भीमगीतं होतात, त्यातली कित्येक सिनेमाच्या नाहीतर कव्वालीच्या चालीवर. १९५६ च्या धर्मांतरानंतर धम्म खेड्यापाड्यांत रुजवण्याचं केवढंतरी काम या गाण्यांनी केलं. शील एका बाजूला आणि गाणं दुसऱ्या बाजूला अशी भांडणं वस्तीत झालेली सहसा ऐकू येत नाहीत. तिथं दोन्ही आपापल्या दिवशी चालतात.

समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि तिथं हिंदू-मुसलमान दोघंही नवस फेडायला जातात. फरीदबाबांचं नाव ज्या चिश्ती परंपरेशी जोडलेलं आहे, तिनं समा, म्हणजे गाणं ऐकण्याची साधना, जिवापाड जपली. समा करावी की नाही यावर इस्लामी विद्वानांत शतकानुशतकं वाद झाले. अकराव्या-बाराव्या शतकातल्या अल-गझालींनी त्यावर शहाणा तोडगा काढला: मनात नाही ते गाणं तिथं घालत नाही, आहे तेच ढवळून वर आणतं. म्हणजे चौकशी गाण्याची नको, ऐकणाऱ्याची करा.

हा निकष सिनेमाला लावला की मजा येते.

सिनेमाबद्दल गांधीजींचं मत स्वच्छ होतं. १९२७ मध्ये सिनेमाची चौकशी करणाऱ्या रंगाचारियर समितीनं प्रश्नावली पाठवली, तेव्हा आपण कधी सिनेमाला गेलो नसल्याचं आणि त्यानं झालेलं नुकसान उघड दिसत असल्याचं त्यांनी कळवलं. पुढं पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांना जाहीर पत्र लिहून या मताचा फेरविचार करायची विनंती केली. अखेर १९४४ मध्ये, आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर जुहूला विश्रांती घेत असताना, त्यांना विजय भट्टांचा ‘रामराज्य’ दाखवण्यात आला. गांधीजींनी पाहिलेला एकमेव भारतीय चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतात. त्याचे संगीतकार शंकरराव व्यास मूळचे कोल्हापूरचे आणि शिष्य पलुसकरांचेच. खरे आश्रमात गेले, व्यास स्टुडिओत गेले. दोघांच्या गळ्यातली तालीम एका गुरूची. प्रार्थनेचा सूर पवित्र आणि पडद्यावरचा बाटलेला, ही वाटणी निदान गुरुपरंपरेत तरी टिकत नाही.

‘संत तुकाराम’चं उदाहरण याहून बोचरं आहे. प्रभातचा हा चित्रपट १९३६ चा. त्यासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक पद इतकं अस्सल उतरलं, की अनेकांनी ते तुकोबांचाच अभंग समजून डोक्यावर घेतलं. समजा, देवळीच्या एखाद्या भजनी मंडळात ते पद वर्षानुवर्षं डोळे मिटून गायलं जात असेल आणि एक दिवस कुणी येऊन सांगितलं, की बुवा, हे पुण्याच्या स्टुडिओत लिहिलेलं आहे. आजवरच्या भक्तीचं काय झालं? ती खोटी होती असं म्हणावं, तर गाणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. खरी होती म्हणावं, तर गाण्याच्या जन्मस्थानाचा आणि त्याच्या पावित्र्याचा संबंधच तुटतो. सिनेमाच्या चालीवर भजन बांधणारी मंडळं हा दुसरा पर्याय कधीच स्वीकारून बसली आहेत. चाल ओळखीची असली की मागं बसलेला म्हाताराही टाळी धरतो, एवढा त्यांचा साधा हिशेब.

तरीही कानाला मोकाट सोडावं, असं यातून निघत नाही. १९६० मध्ये इंदूरच्या मुक्कामात विनोबांनी सिनेमाच्या अशोभनीय पोस्टरांविरुद्ध मोहीम उघडली होती. रस्त्यानं जाणाऱ्याच्या डोळ्यांवर त्याला न विचारता काही लादलं जाऊ नये, हा त्यातला मुद्दा आज लाउडस्पीकरच्या काळात कानांनाही लागू पडतो, मग भोंग्यातून गणपतीचं गाणं येत असो की वरातीचं. विनोबांना गाण्याचं वावडं नव्हतं. लहानपणी आईच्या तोंडची भजनं त्यांनी ऐकली, तिला संस्कृत येत नव्हतं ही खंत मनात ठेवून ‘गीताई’ रचली, आणि ती सहज म्हणता येईल अशा छंदात रचली. वर्ध्याच्या गोपुरीत ‘गीताई’चे श्लोक आज शिळांवर कोरलेले आहेत. मात्र याच विनोबांनी १९७४ च्या डिसेंबरात आपल्या पवनारच्या आश्रमात वर्षभराचं मौन धरलं.

खरी तपासणी कदाचित एकादश व्रतांच्या यादीतल्या दुसऱ्याच व्रताकडे सोपवायला हवी. त्या यादीत अस्वादाबरोबर असंग्रहही आहे. भजन म्हटलं की संपायचं, पुन्हा हवं तर चार माणसं जमवावी लागायची. ते फडताळात साठवता येत नव्हतं. ग्रामोफोन आला आणि गाणं मालकीची वस्तू झालं. खुद्द गांधीजींनीही १९३१ मध्ये लंडनला कोलंबिया कंपनीसाठी ईश्वराबद्दलचं आपलं निवेदन ध्वनिमुद्रित करू दिलं, तेव्हा यंत्रातून येणारा आवाज त्यांना विटाळ वाटत नव्हता, हे उघड आहे. पण खिशातल्या फोनमध्ये लाखभर गाणी असणं ही निराळीच गोष्ट. मुखडा संपायच्या आत पुढचं गाणं लावणारं बोट एकही गाणं पुरतं ऐकत नाही. चटणी-कोशिंबिरीची बोटं चाटत ताट तसंच टाकणाऱ्याची खोड ती हीच, आणि तिला अस्वादव्रताचा धाक खुशाल दाखवावा.

उलट बाजूही आहे. हिंगणघाटकडच्या एखाद्या शेतात फोन ओट्यात ठेवून कापूस वेचणारी बाई तेच एक गाणं दिवसभर पुन्हा पुन्हा लावते. ती ना संग्रह करते आहे, ना प्रार्थना. गझालींच्या निकषानं तिच्या मनात काय ढवळतं ते तिलाच माहीत, आणि आश्रमाच्या निकषात निदान शरीरश्रमाचं व्रत तरी तिच्या बाजूनं उभं आहे.

गांधीजींचा कल अशा एकट्या ऐकणाऱ्यापेक्षा मिळून गाणाऱ्यांकडे होता. अखेरच्या वर्षांतल्या सभांत ते हजारोंच्या जमावाला रामधुनीबरोबर तालात टाळी द्यायला लावत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीनं नयी तालीमचं वेळापत्रक आखलं, त्यातही हेच दिसतं. साडेपाच तासांच्या दिवसात हस्तोद्योगाला तीन तास वीस मिनिटं, आणि संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून चाळीस. प्रार्थनेचं पावित्र्य किंवा करमणुकीची मोकळीक यांपैकी कशाचीच झूल न चढवता गाण्याला तिथं हिशेबाच्या शेजारी बसवलं आहे, आणि भर आहे तो समूहगानावर. सुरेल-बेसूर अशी निवड न करता प्रत्येक पोरानं तोंड उघडायचं. त्या वेळापत्रकानं तानसेन घडले नसतील. पण नुसत्या कानसेनांना, म्हणजे आजच्या बहुतेक रसिकांना, त्या चाळीस मिनिटांत गप्प बसून चाललं नसतं.