चाल कोणाची?

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक हाती आलं की मी आधी संवाद वाचत नाही. पदांच्या डोक्यावर बारीक टायपात छापलेली ओळ वाचतो. तिथे राग असतो, ताल असतो, आणि पुढे ‘चाल’ असं लिहून भलत्याच गाण्याचं तोंड दिलेलं असतं. कुठे कानडी पद, कुठे लावणी, कुठे हिंदी ठुमरी. ज्याच्या कानात ते मूळ गाणं होतं, त्याला पुस्तक उघडताच पद गाता येत असे. ती एक ओळच त्याचं नोटेशन. आज त्यातली बहुतेक मूळ गाणी कुणाला आठवत नाहीत, आणि त्यांच्यावर बांधलेली पदं मात्र घरोघरी गुणगुणली जातात. पदाखाली नाटककाराचं नाव आहे. चाल कोणी शोधली, कोणी वाकवली, कोणी नटाच्या गळ्यात उतरवली, त्याचं नाव त्या बारीक ओळीत क्वचितच सापडतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाट्यपदाचे लेखक दोन असतात, आणि आपण दीडशे वर्षं एकाचंच नाव घेत आलो.

हे कोल्हापुरात बसून लिहिताना जास्त लागतं, कारण चाल देणं हाच ज्याचा धर्म होता असा माणूस या मातीतला. गोविंदराव टेंबे. जन्म 1881चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादियाखाँ होते, देवल क्लबात बैठका होत, आणि या मुलाचा कान त्या वातावरणात तयार झाला. हातात पेटी होती. पुढे भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची साथ करता करता तो पेटीतूनच गाऊ लागला. अशा माणसाकडे नाटककार काकासाहेब खाडिलकरांनी ‘मानापमाना’च्या पदांचं काम सोपवलं. 12 मार्च 1911ला किर्लोस्कर मंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणलं तेव्हा टेंब्यांनी तिशीही गाठलेली नव्हती.

त्याआधी चाल ‘देण्या’पेक्षा ‘घेण्या’ची रीत मोठी होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’ लिहिलं ते साकी, दिंडी, कामदा अशा लोकांच्या ओठांवरच्या वृत्तांत आणि गुर्लहोसूर-बेळगावकडे कानावर पडलेल्या चालींत. त्यात कमीपणा काही नाही. प्रेक्षक आधीच अर्धं पद जाणत होता, म्हणून ते पहिल्याच रात्री त्याचं झालं. पण ‘मानापमाना’त पहिल्यांदा असं झालं, की नाटककार आणि पेटीवाला समोरासमोर बसले आणि एका अख्ख्या नाटकाचा सूर एका माणसाच्या डोक्यातून निघाला. टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याची पूरब ढंगाची लचक आणली. शृंगार आणि रुसवा यांच्यावर उभं असलेलं नाटक, त्याला तसाच लाडिक, वळणदार सूर. संगीत दिग्दर्शक हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता. काम मात्र तेच होतं.

हे काम नेमकं काय असतं, ते बाहेरच्याला दिसत नाही, म्हणून जरा जवळ जाऊन सांगतो. एक साधं वाक्य घ्या, कुठल्याही नाटकातलं नव्हे, रोजचं. ‘आज ती आली नाही.’ चाल देणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो, सम, म्हणजे तालाची पहिली वजनदार मात्रा, कुठे पाडायची? ‘आज’वर पाडली तर अर्थ होतो, रोज येत होती, नेमकी आजच नाही. ‘ती’वर पाडली तर सगळे आले, जिची वाट पाहिली ती तेवढी आली नाही. आणि ‘नाही’वर पाडली तर दार मिटलं, आता येणारही नाही. शब्द एकच, नाटकातले प्रसंग तीन. नटाने वाक्य बोलताना हा निवाडा आवाजाने करायचा असतो. पदात तो आधीच झालेला असतो, आणि तो केलेला असतो चाल देणाऱ्याने.

मग गळ्याचा प्रश्न. ‘आज’, ‘आली’, ‘नाही’ या तिन्हींत आकार आहे. आवाज मोकळा सुटतो, तान घ्यायला मैदान मिळतं. ‘ती’चा ईकार अरुंद. तिथे सम ठेवून वर लांब तान मागितली तर चांगला गळाही बारीक होतो. अशा जागी चाल देणारा लेखकाला म्हणतो, शब्द बदला. आणि लेखक शहाणा असेल तर बदलतो. पदात एखादा ‘हा’ किंवा ‘बा’ उगीच भरीचा वाटतो, तो बहुतेकदा असाच आलेला असतो. मात्रेला एक अक्षर हवं होतं, नाहीतर सुराला टेकायला एक मोकळा स्वर हवा होता. समीक्षकाने त्या भरीच्या अक्षरांवरून नाटककाराला झोडपण्याआधी ते पद एकदा पेटीवर वाजवून बघावं.

आधी शब्द की आधी चाल, हा वाद आपल्याकडचाच आहे असं नाही. अमेरिकेत रिचर्ड रॉजर्स याने लॉरेंझ हार्टबरोबर काम केलं तेव्हा बहुधा चाल आधी होई आणि हार्ट तिच्यावर शब्द बसवी. पुढे ऑस्कर हॅमरस्टाइनबरोबर तो बसला आणि क्रम उलटा झाला, शब्द आधी. एकाच माणसाच्या हातून दोन वेगळ्या जातीचं संगीत निघालं, आणि 1943च्या ‘ओक्लाहोमा!’पासून तिकडचं संगीत नाटकच बदललं. फरक हा की तिथे जाहिरातीवर आणि पुस्तकावर दोघांची नावं शेजारी शेजारी, एकाच मापाच्या अक्षरांत छापली जात. त्यामुळे लोकांना प्रश्न पडला, दोघांत कोणाचा हात कुठवर? आपल्याकडे प्रश्नच पडला नाही, कारण दुसरं नाव समोर नव्हतं.

असं असूनही आपल्या रंगभूमीवर चाल देणारे थोर होते. भास्करबुवांनी 1916च्या ‘स्वयंवरा’त ख्यालाच्या बंदिशींचं वजन नाटकाला दिलं. बैठकीत बसून ऐकायचं ते गाणं बाल्कनीतल्या माणसापर्यंत पोचवलं. ‘एकच प्याला’ 1919 साली आलं तेव्हा गडकरी हयात नव्हते. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली, आणि त्यांतल्या पुष्कळ चाली सुंदराबाई जाधवांकडून आल्या. म्हणजे ज्या नाटकाला आपण निःशंकपणे गडकऱ्यांचं म्हणतो, त्यातली सिंधू गाते तेव्हा शब्द एकाचे, सूर एका बाईचे आणि गळा बालगंधर्वांचा. गडकऱ्यांचं मोठेपण यात तसूभर कमी होत नाही. पण सुंदराबाईंचं नाव किती रसिकांना ठाऊक आहे? मी विचारून पाहिलं आहे. पदं तोंडपाठ असलेल्या माणसांनाही ते आठवत नाही.

1921च्या जुलैतली संयुक्त ‘मानापमाना’ची रात्र कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत आपले केशवराव भोसले धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर आले. तीन महिन्यांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले, म्हणून ती रात्र आणखीच मनात घर करून राहिली. त्या रात्रीबद्दल मी जे जे ऐकलं, वाचलं, त्यात दोन गळ्यांची तुलना आहे, गर्दीचं वर्णन आहे. त्या नाटकाच्या मूळ चाली एका कोल्हापूरकराच्या होत्या, हे वाक्य मात्र शोधावं लागतं. एका बाजूला कोल्हापूरचा गायकनट, पदांमागे कोल्हापूरचा पेटीवाला. गावाने निम्माच अभिमान बाळगला.

टेंब्यांचं पुढचं आयुष्य बघितलं की या कामावर पोट भरणं किती अवघड होतं ते कळतं. 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळीचे ते एक मालक झाले. पण मन रमलं नाही. बाहेर पडून शिवराज नाटक मंडळी काढली, स्वतः चारुदत्ताची भूमिका केली, नाटकं लिहिली. बोलपट आला तेव्हा प्रभात कंपनी अजून कोल्हापुरातच होती. 1932च्या ‘अयोध्येचा राजा’त टेंब्यांनी हरिश्चंद्र केला आणि संगीतही त्यांचंच. शेवटी लेखणी धरून ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिलं, ‘माझा जीवनविहार’ लिहिलं, अल्लादियाखाँचं चरित्र लिहिलं. पेटीवादक, मालक, नट, नाटककार, सिनेमावाला, लेखक. याला बहुरंगी प्रतिभा म्हणतात, आणि ती होतीच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नुसत्या चालींवर माणूस जगू शकत नव्हता.

शब्दवाल्यांचं तरी वेगळं काय झालं? हळदी गावचे जगदीश खेबूडकर शिक्षक होते. गाण्यांनी महाराष्ट्र भारून टाकला, पण घर चालायला शाळा होती. सुधीर फडके इथेच जन्मले आणि सूर घेऊन गावाबाहेर पडले. कोल्हापूरने माणसं घडवली. त्यांना धंदा देणारी पेठ इतरत्र होती.

आजही नटाला नाइट मिळते, तबल्यावाल्याला नाइट मिळते, लेखकाला प्रयोगामागे मानधन मिळतं. चाल देणाऱ्याचा व्यवहार बहुतेकदा एकरकमी, तालमीच्या दिवसांपुरता. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का झाला, तो त्यांच्या सहीनेही निर्मात्याला देऊन टाकता येत नाही. चांगलं झालं. पण नाटकाच्या करारावर सही करायला बसलेल्या तरुण संगीतकाराला हे वाचून कोण दाखवतं? टेंबे 1955 साली गेले. कायद्याची साठ वर्षांची मुदत 2015 अखेर संपली, आता त्यांच्या चाली सगळ्यांच्या आहेत. पैसा द्यायचा प्रश्न मिटला. नाव घ्यायला मुदत नसते.

हे बदलू शकतं, याचा दाखला जितेंद्र अभिषेकींनी दिला. 1964च्या ‘मत्स्यगंधा’पासून त्यांनी पद आटोपशीर केलं. प्रसंग जेवढं मागतो तेवढंच गाणं, वन्स मोअरच्या पुरात नाटक वाहून जाऊ द्यायचं नाही. ‘हे बंध रेशमाचे’ हे आमच्या कोवाडच्या रणजित देसायांचं नाटक, पदं शांता शेळक्यांची, संगीत अभिषेकींचं. तीन माणसं, तीन नावं, आणि तिन्ही लोकांना माहीत. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तर दोन घराण्यांच्या गायकीतला फरक हीच नाटकाची गोष्ट आहे. तिथे चाल काढून घेतली तर नाटककार दारव्हेकरांच्या हाती कथानकच उरत नाही. तेव्हापासून प्रेक्षक ‘अभिषेकींचं संगीत’ म्हणून तिकीट काढायला लागला. ही वाट एका माणसाने पाडली, आणि ती टेंब्यांच्या वाटेच्या पुढेच सुरू होते.

8 ऑगस्ट 2024च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. खासबागेजवळ उभं राहून धूर बघणाऱ्या गर्दीत मीही होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ काही न बोलता ओठ हलवत होते. बऱ्याच वेळाने कळलं, ते एक पद म्हणत होते. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या वास्तूत किती पदं गायिली गेली असतील, तिच्या भिंती आता नव्याने उभ्या करायच्या. नटांच्या तसबिरी तिथे लागतीलच, लागायलाच हव्यात.

त्याबरोबर एक विनंती. नाट्यसंगीताच्या मैफलीत निवेदक नाटकाचं नाव सांगतो, मूळ गायकाचं सांगतो, राग सांगतो. तिथेच आणखी दोन नावं घ्या: शब्द कोणाचे, चाल कोणाची. महाविद्यालयाच्या स्पर्धेच्या पत्रिकेत, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फलकावर, मोबाइलवर टाकलेल्या क्लिपखाली लिहा. आणि नव्या नाट्यगृहात वादकांच्या खळग्याच्या वर, जिथे पेटी ठेवतात तिथे, गोविंदराव टेंब्यांचं नाव दगडात कोरा.