अभय कोणाला: जीवाला की पाण्याला?

महाकाय सॅलमँडर हा बेडकाप्रमाणेच उभयचर वर्गातला प्राणी, पण पाणी सोडून तो क्वचितच बाहेर येतो. जपानमधली त्याची जात दीड मीटरपर्यंत वाढते. प्रौढपणी त्याला कल्ले नसतात. फुप्फुसे असतात, पण श्वसन मुख्यतः कातडीतूनच चालते. अंगाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या सुरकुत्यांमधून तो पाण्यातला प्राणवायू घेतो. त्यामुळे त्याला थंड, खळाळते पाणी लागते. दिवसा तो कपारीत दडतो आणि रात्री खेकडे, मासे खातो. पावसाळा सरता सरता नर काठच्या बिळाचा ताबा घेतो आणि तिथे घातलेल्या अंड्यांची राखण करतो. पाणी नासले की या प्राण्याचा श्वासच नासतो. अशा जीवाला अभय द्यायचे, तर नेमके कशाला द्यायचे?

महाराष्ट्रात सॅलमँडर नाही. भारतात त्याचा एक लहानसा नातेवाईक दार्जिलिंगच्या डोंगरांत आढळतो. हा प्रश्न मात्र आपल्या नद्यांनी फार पूर्वीच उभा केला आहे. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचे देऊळ आहे. तिथल्या डोहातले मासे देवाचे, म्हणून कोणी धरत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या महसीर माशांना वरदायिनी देवीची राखण आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळापुढच्या कुंडात, 2020 साली शास्त्राला नवी असलेली माशाची एक जात नोंदवली गेली. 2021 मध्ये शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. एवढासा मासा तिथे टिकून राहिला, याचे बरेचसे श्रेय देवस्थानाच्या धाकाला द्यावे लागते. ही श्रद्धा अडाणी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल.

तरीही या अभयाचा आधार जागा आहे, जीव नव्हे. डोहात पूज्य असलेला मासा प्रवाहाबरोबर खाली गेला की जाळ्यात सापडतो, आणि त्यात कोणाला पाप वाटत नाही. जपानमध्ये ओकायामा प्रांतातल्या युबारा गावी सॅलमँडरचेच देऊळ आहे. मारलेल्या प्राण्याचा कोप शमावा म्हणून ते बांधले, अशी तिथली कथा आहे. तिथेही दयेआधी भय आले.

महानुभाव परंपरेतली सशाची लीळा याहून पुढे जाते. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळणारा ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि स्वामी त्याला परत देत नाहीत. इथे क्षेत्राचा प्रश्नच नाही. शरण आलेला जीव हाच अभयाचा आधार. जपानी कायद्याने 1952 साली महाकाय सॅलमँडरला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला, तोही प्राण्यालाच. तो प्राणी मारता येत नाही, पण नद्यांवर बंधारे होत राहिले, काठ काँक्रीटने बांधले गेले आणि बिळांच्या जागा गेल्या. शरीर राखले आणि घर गेले.

जैन विचार इथे वेगळ्या पायावर उभा आहे. जलचर तर जीव आहेतच. पण अप्काय, म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर असे जीवही तो मानतो. म्हणून पाणी गाळणे, जपून वापरणे हा अहिंसेचाच भाग होतो. हे तत्त्व विज्ञानाच्या कसोटीला लावण्याचे कारण नाही. आचार म्हणून मात्र ते सॅलमँडरच्या शरीररचनेशी नेमके जुळते. जो पाण्यातून कातडीनेच श्वास घेतो, त्याला पाणी वगळून अभय देताच येत नाही.

ठाणे आणि कळवा यांच्यामधल्या खाडीत ही अडचण रोज दिसते. पाणी खारे, जीव वेगळे, प्रश्न तोच. 2015 साली घोषित झालेले फ्लेमिंगो अभयारण्य ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान आहे. कळव्याचा अरुंद पट्टा त्याच्या उत्तरेला, हद्दीबाहेर राहतो. या पट्ट्यात जे सोडले जाते, ते ओहोटीबरोबर अभयारण्यात पोहोचते, आणि भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते.